एक लिटर की दीड?

राइस मिलच्या ऑफिसात टेबलावर धानाच्या नमुन्यांच्या पुड्या पसरलेल्या होत्या. त्या हाताने बाजूला सारून त्याने माझ्यासमोर एक वही उघडली. मिलमध्ये आवक-जावक लिहितात तशीच, उभ्या रेघांची. डाव्या रकान्यावर '१.०' लिहिलेलं, उजव्यावर '१.५'. खाली दोन्हीकडे आकडेच आकडे. काही खोडलेले, काही लाल शाईने गोल केलेले. वही तीन महिने चालू होती.

"काकाजी, तुम्ही पुण्याले राहता. गाडी तिथंच चाकणला बनते. तुम्हीच सांगा न, कोणतं इंजिन घेऊ?"

हा माझ्या शाळासोबत्याचा मुलगा. वय सव्वीस. मिलची नागपूरकडची वसुली आणि वाहतूक तोच पाहतो. गाडी फोक्सवॅगनची व्हर्टस घ्यायची, हे ठरलेलं. रंगही ठरलेला. अडलं होतं ते इंजिनापाशी. तीच गाडी दोन इंजिनांत मिळते: तीन सिलिंडरचं ९९९ सीसीचं आणि चार सिलिंडरचं १४९८ सीसीचं. पहिलं ११५ हॉर्सपॉवरचं, दुसरं १५० चं. मधला फरक काही लाखांचा.

संपादकांनी यंदा अंकासाठी 'वेग' हा विषय दिला तेव्हा डोळ्यांपुढे आधी रॉकेट, बुलेट ट्रेन असलं काहीबाही आलं होतं. मग याच्या वहीची आठवण झाली. फोनवर तो दर आठवड्याला तिच्यातलं काहीतरी वाचून दाखवायचा. मी पोळ्याला गावी, गोंदियाला गेलो आणि चार दिवस राहिलो. या प्रश्नाचं उत्तर शोरूममध्ये मिळत नाही, असं मला वाटत होतं. ते मिलमध्ये, धानाच्या बांधीत, गॅरेजात आणि कोहमाऱ्याच्या रस्त्यावर शोधायला हवं होतं.

स्पोर्ट्स कार म्हणजे कोणती?

काटेकोर बोलायचं तर व्हर्टस ही स्पोर्ट्स कार नव्हे. स्पोर्ट्स कार म्हणजे दोन माणसांची, जमिनीलगत बसलेली, हलकी, वळणावर मजा देणारी गाडी. आपल्या देशात तशी गाडी बनवण्याचे प्रयत्न झाले आहेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, उघड्या टपाची गाडी तयार होत होती. अंग फायबरग्लासचं आणि इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं, साठ हॉर्सपॉवरचं. आज साठ हॉर्सपॉवर ऐकून कोणी वळूनही पाहणार नाही. पण गाडीच हलकी, त्यामुळे तेवढ्यात भागायचं. पुढे २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांनी अवंती दाखवली. तिची दिशा अगदी उलटी: दोन लिटरचं टर्बो इंजिन, अडीचशे हॉर्सपॉवर आणि तेही ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवलेलं. दोन्ही गाड्या रस्त्यावर क्वचितच दिसल्या. तरी छोटं इंजिन आणि हलकं अंग, की मोठं इंजिन आणि भरपूर ताकद, हा प्रश्न आपल्याकडेही कारखान्यापर्यंत पोचला होता, एवढं त्यांच्यावरून कळतं.

जगात हा वाद सगळ्यात जास्त माझदाच्या एमएक्स-५ वरून होतो. २०१५ ला आलेली तिची चौथी पिढी युरोपात दीड आणि दोन लिटर अशा दोन्ही इंजिनांत विकली गेली. खुद्द जपानमध्ये मात्र कापडी टपाची गाडी केवळ दीड लिटरमध्येच ठेवली होती. ज्यांनी ती घडवली त्यांना घरच्या रस्त्यांसाठी छोटं इंजिन पुरेसं वाटलं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्या इंजिनाला शेवटपर्यंत पिळता येतं आणि तसं करताना गाडी हाताबाहेर जात नाही.

पण एमएक्स-५ गोंदियात आणून चालवायची कुठे? गावागावांत घरच्या हिशेबाने बांधलेले गतिरोधक, पावसात वाहणारे नाले, धानाच्या हंगामात रस्त्यावर सांडलेला चिखल. इथे स्पोर्ट्स कार हवी असलेल्या पोराला १७९ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची, चार दारांची, आई मागे बसू शकेल अशी गाडीच घ्यावी लागते. मग उरलेली सगळी हौस तो इंजिनात शोधतो. म्हणूनच हा प्रश्न त्याच्यासाठी एवढा मोठा आहे.

आमच्या पिढीने हीच हौस पल्सरमध्ये शोधली. नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजने १५० आणि १८० अशा दोन पल्सर एकदमच बाजारात आणल्या. एक बारा हॉर्सपॉवरची, दुसरी पंधराची. गोंदियाच्या चहाच्या टपऱ्यांवर त्या वर्षी दुसरा विषय नव्हता. मी १८० घेतली, या पोराच्या बापाने १५०. पुढच्या पावसाळ्यात पांगोली नदीच्या पुलाआधी माझी गाडी घसरली आणि मी खांद्यावर पडलो. मागून १५० वर येणाऱ्यानेच मला उचलून दवाखान्यात नेलं. पडलो तेव्हा गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती, वेग फार नव्हता. त्या वरच्या तीन हॉर्सपॉवरचा त्या पडण्याशी काही संबंध नव्हता आणि त्यांनी मला वाचवलंही नाही. झिजलेला टायर बदलायचे पैसे मी पुढच्या महिन्यावर ढकलले होते, एवढंच.

मिलमधली मोटार

"मले विचारशील तर सांगतो," सोबती म्हणाला. आम्ही मिलच्या आत उभे होतो आणि बोलायला ओरडावं लागत होतं. धान सोलणारे रबरी रोल फिरत होते, एका बाजूने तूस उडत होतं, दुसऱ्या बाजूला चाळणीवर तांदूळ आणि कनकी वेगळी होत होती. "ही मोटार पाह्य. गरज आहे पन्नास एचपीची. मी पंचाहत्तरची बसवली तर काय होईल?"

मला वाटलं, बिल वाढेल.

"बिल तर वाढतेच. पण का वाढते, ते समजून घे."

मग त्याने जे समजावलं ते कोणत्याही गाडीच्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं. मोटार मोठी असली की मंजूर भार जास्तीचा घ्यावा लागतो आणि त्याचा डिमांड चार्ज दर महिन्याला भरावा लागतो, मिल चालो अथवा बंद राहो. शिवाय मोठी मोटार अर्ध्या भारावर फिरते तेव्हा तिचा पॉवर फॅक्टर घसरतो, तो सांभाळायला कपॅसिटर लावा, नाही तर त्याचाही भुर्दंड सोसा. मोटार आपल्या क्षमतेच्या जवळ चालते तेव्हाच नीट चालते. "मोठी मोटार कामाले लागली पाह्यजे. नुसती फिरली तर आपल्यालेच खाते."

पेट्रोल इंजिनाचं दुखणं नेमकं हेच आहे. पेट्रोल इंजिनाची ताकद कमी करायची तर त्याचा श्वास कोंडावा लागतो. हवेच्या वाटेवर एक झडप असते, थ्रॉटल. आपण ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती मिटत जाते आणि पिस्टनला जवळजवळ बंद दारातून हवा ओढावी लागते. या ओढण्यातच काही पेट्रोल जळून जातं. मोठं इंजिन गावात तीस-चाळीसच्या वेगाने चाललं की त्याचं दार जवळपास मिटलेलंच असतं. तेवढ्याच कामासाठी छोट्या इंजिनाला दार जास्त उघडावं लागतं, म्हणून त्याला श्वास घ्यायला कमी कष्ट पडतात. छोटं इंजिन गावात कमी पितं, ते यामुळे.

मात्र या दीड लिटरवाल्या इंजिनाने त्यावर एक उपाय काढलेला आहे. भार कमी असला की त्यातले मधले दोन सिलिंडर झोपतात. त्यांच्या झडपा उघडतच नाहीत आणि गाडी उरलेल्या दोघांवर चालते. पाय दाबला की चौघंही जागे. हे इतक्या अलगद होतं की डॅशबोर्डवर अक्षरं उमटली नसती तर कळलंच नसतं. त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. गाडी बाजारात आली त्या वर्षी, २०२२ ला, कंपनीने जाहीर केलेलं मायलेज पाहा: एक लिटर ऑटोमॅटिक १८.१२, दीड लिटर ऑटोमॅटिक १८.६७. मोठं इंजिन पुढे! एक लिटरचीच हाताने गिअर टाकायची गाडी मात्र १९.४० वर, म्हणजे सगळ्यांच्या वर. चाचणीतले हे आकडे रस्त्यावर तसेच मिळत नाहीत. पण मोठं म्हणजे खादाड, हे गणित आता इतकं सरळ राहिलेलं नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

सोबत्याने हे ऐकून घेतलं. "म्हणजे दोन बैल गोठ्यात अन् दोन नांगराले," तो म्हणाला. "पण चारा तर चौघांचा भरलाच न तू, घेतानी."

बांधीतला टॉर्क

शहरात टॉर्क हा शब्द समजावून सांगताना माणसं पाने चालवतात, दारं ढकलतात, काय काय करतात. धानाच्या जिल्ह्यात तो समजावून सांगावा लागत नाही. आषाढात बांधीत पाणी भरतं, ट्रॅक्टरला लोखंडी पंज्यांची चाकं लागतात आणि रोवणीआधी चिखल केला जातो. गुडघाभर चिखलात रोटाव्हेटर फिरवताना इंजिनाचे फेरे खाली येऊ लागतात. त्या क्षणी जो ट्रॅक्टर फेरे कमी झाले तरी ओढत राहतो, तो चांगला. जो गुदमरून बंद पडतो, तो कितीही एचपीचा असो, विकून टाकतात. विक्रेते याला 'बॅकअप टॉर्क' म्हणतात आणि इथला चौथी शिकलेला शेतकरीही तो शब्द वापरतो.

तर टॉर्क म्हणजे इंजिनाचा ओढ देण्याचा जोर आणि हॉर्सपॉवर म्हणजे तो जोर मिनिटाला किती वेळा लावला त्याचा हिशेब. एक लिटरचा टॉर्क १७८ न्यूटन मीटर, दीडचा २५०. दोन्हीला टर्बो असल्याने हा जोर फार लवकर, साधारण सोळाशे-सतराशे फेऱ्यांनाच पूर्ण मिळतो. आता दोन हजार फेऱ्यांवर गाडी चालली आहे असं धरा, म्हणजे पाचव्या गिअरमध्ये रमतगमत. गुणाकार केला तर एक लिटर तिथे सुमारे ५० हॉर्सपॉवर देतं आणि दीड लिटर ७१. माहितीपत्रकातले ११५ आणि १५० हे आकडे पाच हजार फेऱ्यांपलीकडचे. तिथे रोज कोण जातो? रोजच्या वापरातला खरा फरक हा पन्नास आणि एकाहत्तरचा आहे.

पोराने हे दोन आकडे ताबडतोब वहीत उतरवून घेतले आणि उजव्या रकान्याला लाल गोल केला. मी म्हटलं, थांब, अजून गिअर बदलायचा राहिलाय.

पेल्याएवढा पिस्टन

गॅरेज रिंग रोडला. मालक पन्नाशीचे, हात कोपरापर्यंत काळे, बोलणं हळू. आमच्या दोन्ही पल्सर त्यांच्याच हातून गेलेल्या. आम्ही प्रश्न सांगितला तेव्हा ते काही न बोलता आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेले दोन पिस्टन घेऊन आले. एक मोटरसायकलचा, एक कुठल्याशा कारचा. माझ्या तळहातावर ठेवले. मोटरसायकलचा लिंबाएवढा हलका. कारचा स्टीलच्या पेल्याच्या तोंडाएवढा, वरून काजळी धरलेला, कडेला रिंगांच्या तीन खाचा. एका खाचेत नखाएवढा तुकडा उडालेला होता. अंगठ्याने तिथे चाचपलं तर कड धारदार लागली.

"हा असा का फुटला?"

"थंड्या इंजिनाले पिळलं. सकाळी चालू केली अन् लगेच पाय दाबला. तेल वर चढलं नव्हतं." त्यांनी फडक्याने पिस्टन पुसला, जणू कोणाचा चेहरा पुसावा तसा. "इंजिन लहान हाये की मोठं हाये, याच्यानं फरक नाही पडत जी. मालक कसा हाये, याच्यानं पडते."

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी त्यांनाही नवी होती आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली. या एक आणि दीड लिटर इंजिनांच्या पिस्टनचा व्यास अगदी सारखा आहे: ७४.५ मिलिमीटर. फरक पडतो तो पिस्टन वर-खाली किती धावतो त्यात. छोट्यात ७६.४ मिलिमीटर, मोठ्यात ८५.९. म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जास्त धाव आणि एक सिलिंडर जादा. बस्स. ज्या फरकासाठी पोराने तीन महिने वही भरली, तो करंगळीच्या नखाएवढ्या लांबीत आणि एका जादा पेल्यात मावतो.

मिस्तरींनी बोटांत माप धरून पाहिलं. "तीन सिलिंडर थोडं थरथरते," ते म्हणाले. "उभं असताना गिअरच्या दांड्यावर हात ठेवा, कळते. चारवालं शांत राहते. पण तीनवालं नाकात हलकं पडते, वळणावर लवकर वळते." बाकी तेल वेळेवर बदला, पेट्रोल भरवशाच्या पंपावरचं भरा आणि गाडी थांबवल्यावर टर्बोला मिनिटभर श्वास घेऊ द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

मुरदोलीचं जंगल

तिसऱ्या दिवशी दोन गाड्या मिळाल्या. दीड लिटरची ऑटोमॅटिक त्याच्या मावसभावाची, नागपूरहून पोळ्याला आलेली. एक लिटरची हाताच्या गिअरची त्याच्या मित्राची. रस्ता गोंदिया ते कोहमारा, गोरेगाववरून, चाळीसेक किलोमीटर. कोहमाऱ्याला हा रस्ता नागपूर-रायपूर हमरस्त्याला मिळतो. पोराचं महिन्यातून चार-पाच वेळा याच वाटेने जाणं-येणं.

सकाळी साडेसहाला निघालो. धान निसवायला लागलेलं, दोन्हीकडे हिरव्या रंगाला किंचित पिवळी झाक. आधी दीड लिटर. गोरेगावपर्यंत त्याने पाच वाहनं मागे टाकली आणि एकदाही कपाळाला आठी पडली नाही. पाय जरासा दाबला की गिअरबॉक्स आपणहून दोन गिअर खाली यायचा आणि गाडी पुढे सरकलेली असायची. फार सुखाचा अनुभव आहे तो, नाकारण्यात अर्थ नाही. फक्त एकदा मी काट्याकडे पाहिलं तर तो एकशे आठवर होता. दुपदरी रस्त्यावर कारला कायद्याने सत्तरची मुभा. "अरे, एकशे आठ," मी म्हटलं. तो खरोखर दचकला. त्याला वाटत होतं आपण ऐंशीने चाललोय.

सत्तरवरून शंभरवर गेलं की गाडीच्या अंगातली ऊर्जा दुप्पट होते. थांबायची वेळ आली की ती सगळी त्याच चार ब्रेकांना आणि त्याच चार टायरांना जिरवायची असते. इंजिन दीडपट घेता येतं, चाकं चारच राहतात.

परतीला एक लिटर. कोहमारा सोडल्यावर पुढे विटांचा ट्रक. समोर रस्ता मोकळा वाटला, याने पाचव्या गिअरमध्येच पाय दाबला. गाडी घोगरली, पण पुढे काही सरकेना. तेवढ्यात समोरच्या वळणातून एसटी उगवली. त्याने पाय काढला आणि आम्ही निमूट ट्रकच्या मागे आलो. गाडीत कोणी बोललं नाही. दोन्ही वाहनं ऐंशीने समोरासमोर येत असली तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला चव्वेचाळीस मीटरने कमी होतं. पाचव्या गिअरमध्ये साठवरून नव्वदला जायला छोट्या इंजिनाला मोठ्यापेक्षा तीन सेकंद जास्त लागतात, हा माझा ढोबळ हिशेब. तीन सेकंद म्हणजे सव्वाशे मीटरहून जास्त रस्ता.

"तिसरा टाक," मी म्हटलं. "आधी गिअर, मग पाय."

पुढच्या मोकळ्या सरळीवर त्याने साठला तिसरा टाकला. फेरे तेहतीसशेवर गेले. त्या जागी एक लिटरचं हेच इंजिन ऐंशीहून जास्त हॉर्सपॉवर देतं, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या आळसावलेल्या एकाहत्तरपेक्षा जास्त. गाडीने गळा मोकळा केला आणि ट्रक मागे पडला. मोठ्या इंजिनाने हे त्याच्या वतीने केलं होतं, इथे त्याने स्वतः केलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, जे सकाळी पाच वाहनं मागे टाकताना आलं नव्हतं. मी ते पाहिलं आणि माझं मत तिथेच झालं.

माझ्या बोलण्याचा अर्थ छोटं इंजिन नेहमी भलं, असा कोणी घेऊ नये. रोज चौपदरी रस्त्याने, पाच माणसं आणि सामान घेऊन रायपूर-नागपूर करणाऱ्याने दीड लिटरच घ्यावं. भरल्या गाडीत चढावर ओढ कमी पडली की माणूस चुकीच्या जागी धाडस करतो. नागपूरपासून मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, तिथे एकशेवीसची मुभा आहे आणि तो रस्ता गोंदियापर्यंत आणायची योजनाही आहे. तशा रस्त्यावर शांत फिरणारं मोठं इंजिन माणसाला कमी थकवतं.

पण आज त्याच्या वाट्याला आलाय तो मुरदोलीचा रस्ता. गोरेगाव आणि कोहमाऱ्याच्या मधलं हे जंगल नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या जनावरांची जाण्या-येण्याची वाट आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये रात्री इथेच कारची धडक बसून एक वाघ मेला. त्याचा रस्त्यावरून फरफटत झाडीत शिरतानाचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच गोंदिया-कोहमारा रस्त्यावर शिवशाही बस उलटली आणि दहाहून जास्त माणसं गेली. आम्ही मुरदोली ओलांडली तेव्हा झाडांखाली अजून धुकं होतं. तो पन्नासवर आला, खिडकी खाली केली. मला बरं वाटलं.

सरकारने आखलेली रेघ

वहीत एक पान करांचं होतं. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरपर्यंत लांब आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के, त्यापलीकडे ४० टक्के. पोराला आशा होती की एक लिटरवाली अठरा टक्क्यांत बसेल. बसत नाही. इंजिन लहान असलं तरी गाडी ४५६१ मिलिमीटर लांब आहे, म्हणून दोन्ही इंजिनांना चाळीसच. त्याने त्या पानावर मोठी फुली मारली होती.

मोटरसायकलला ही रेघ ३५० सीसीवर आहे. खाली अठरा, वर चाळीस. गोंदियातली जी पोरं ६५० ची स्वप्नं पाहत होती, ती ३४९ सीसीवर येऊन थांबली. माणसाची हौस कुठे थांबावी हे कितीदा करांचं पुस्तक ठरवतं! इटलीत एकेकाळी दोन लिटरवरच्या गाडीला ३८ टक्के कर होता आणि खाली १८. तेव्हा खुद्द फेरारीने १९८० मध्ये आपल्या आठ सिलिंडरच्या गाडीचं इंजिन १९९१ सीसीवर आणलं. ताकद १५५ हॉर्सपॉवरवर घसरली. मग १९८२ मध्ये त्यालाच टर्बो जोडला आणि तीच गाडी २२० वर गेली. लहान पेला, पण हवा दाबून भरलेला. आज चाकणहून निघणारं एक लिटरचं इंजिन त्याच युक्तीवर चालतं.

पटाची जोडी

शेवटच्या संध्याकाळी तान्हा पोळा होता. मिलच्या मागच्या आळीत पोरं लाकडी बैलांच्या दोऱ्या धरून रांगेत उभी होती. कोणाचा बैल तळहातावर मावणारा, कोणाचा दोघांनी ओढायचा. तिथेच सोबत्याचे काका भेटले, वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायचे. मे २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा कायदा उचलून धरला. बंदीच्या त्या वर्षांत काकांनी शेवटचा बैल विकला, तो पुन्हा घेतला नाही.

त्यांना मी विचारलं, पटाचा बैल निवडताना मोठा पाहायचे की लहान?

"मोठा बैल पाह्यला चांगला," ते म्हणाले. "पण पट असते केवढा? तो धावाले लागेपावतो पट सरते. माह्या जोडीतला उजवा बारका होता. पन्नास पावलांत सगळं देऊन टाके. अन् हाकणाऱ्याले ठाऊक पाह्यजे, कधी शेपटीले हात लावाचा." मग पोराकडे वळून म्हणाले, "तुहा पट केवढा हाये रे?"

पोराने वही काढली. कोऱ्या पानावर महिन्याचा हिशेब लिहू लागला. मिल ते घर. मिल ते धान खरेदी केंद्र. तिरोडा, आमगाव, देवरी. नागपूर चार वेळा. आईला घेऊन सालेकशाला मामाकडे. बेरीज केली तेव्हा तीन हिस्से धावणं साठच्या आतलं निघालं. तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. माझा सोबती शेजारी उभा होता, पण त्याने एक शब्द टाकला नाही. मीही नाही.

एक लिटर आली, हाताच्या गिअरची. पितृपक्षाच्या आधी घरी यावी हा बापाचा हट्ट होता, तो पुरा झाला. वाचलेल्या पैशांतून काही मिलच्या नव्या चाळणीत गेले, काही त्याने टायरांसाठी आणि नागपूरच्या दोन दिवसांच्या ड्रायव्हिंगच्या शिकवणीसाठी बाजूला ठेवले. आईला मागची सीट आवडली, तिच्या लेखी मूळ प्रश्न तोच होता.

परवा रात्री त्याचा फोन आला. मागे कपबशांचा आवाज होता.

"काकाजी, कोहमाऱ्याले आहे. मुरदोलीत धानाच्या ट्रकच्या मागं आलो सगळा रस्ता. जागाच नाही भेटली."

"मग?"

"मग काही नाही. तिसरा टाकून ठेवला होता. पण नाही काढली गाडी. चहा पिऊन राहिलो."